डाव्या हाताला बारकी

गुरुवार, ता. १

ही वही माझ्या मुलीने, बारकीने दिली. म्हणाली, रोज लिहा, पण लॉगशीटसारखं नको, अमुक वाजता सुटलो आणि तमुक वाजता पोचलो. बावीस वर्षं मी तेवढंच लिहीत आलोय. बस डेपोतून किती वाजता सुटली, किती वाजता परत आली, गाडीत बिघाड काय. त्याहून जास्त लिहायला वेळ लागतो, आणि साहेबांच्या कृपेने सध्या तो भरपूर आहे.

खरं ते लिहावं. मला सक्तीच्या रजेवर पाठवलंय. चार महिन्यांत तीनदा गाडी घासली. एकदा डेपोच्या फाटकाच्या खांबाला, एकदा उभ्या टेम्पोला, एकदा शेजारच्या बसच्या आरशाला. तिन्ही वेळा मी गाडी हळूच घेत होतो. तो खांब मुळात चुकीच्या जागी बसवलाय, हे मी डेपो मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस, पण खुर्ची मोठी, त्यामुळे ऐकून घेतलं. चौदा तारखेला डॉक्टरी तपासणी आहे. पास झालो तर पुन्हा स्टिअरिंग, नाही तर उरलेली सहा वर्षं डेपोतल्या एखाद्या टेबलाशी फायली लावत बसायचं. पण डोळे माझे ठणठणीत आहेत. समोरच्या दुकानाची पाटी मी गॅलरीतून वाचतो, खालच्या फोन नंबरासकट.

सायकलने फिरायला जायची टूम बारकीची. तीन वर्षांपूर्वी मी कबूल केलं होतं आणि दर सुट्टीत टाळलं होतं. घरात एकुलती एक, तरी नाव बारकी पडलं ते पडलं. आता तेरा वर्षांची आहे आणि आईच्या कानाला लागते. हिला, म्हणजे तिच्या आईला, लाँड्रीतल्या नोकरीतून रजा नाही. म्हणाली, दोघंच जा, घरी बसलात तर भिंतींशी भांडाल.

शनिवार, ता. ३

निघालो. कालव्याच्या काठाने वर धरणापर्यंत जायचं, रोज तीसेक किलोमीटर, मुक्कामाला तंबू. परत येताना सायकली टपावर टाकून बसने यायचं.

निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची आणि चाकं हाताने दाबून बघायची, हे मी तिला सायकलीलाही करायला लावलं. मग नियम सांगितले. एकामागे एक चालायचं, मी पुढे, ती मागे. आणि वळणाऱ्या गाडीच्या डाव्या अंगाला कधी म्हणजे कधी राहायचं नाही. तिथली सायकल ड्रायव्हरला दिसत नाही आणि मागचं चाक तिला घेऊन जातं. आमच्या डेपोतला प्रत्येक ड्रायव्हर पोरांना दुसरं काही शिकवो न शिकवो, हे शिकवतो. बारकी चालायला लागली तेव्हापासून ऐकते आहे.

दहा मिनिटांत बाईसाहेब माझ्या डाव्या हाताला हजर. मागे जा म्हटलं की जायची, पुन्हा थोड्या वेळाने तिथेच. शिवाय तोंड एकसारखं चालू. बाबा, खांब. बाबा, खड्डा. बाबा, एक आजी चालल्यात. बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून गाडी चालवलेल्या माणसाला ही खड्डे दाखवणार. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी.

पण दिवस चांगला गेला. तंबू तिने माझ्याआधी उभा केला. मी चहा सांडला, कारण तिने कप नको तिथे ठेवला होता. तिने दुसरा करून दिला आणि या वेळी माझ्या उजव्या हातात आणून दिला. पोरगी शहाणी आहे.

रविवार, ता. ४

एकतीस किलोमीटर. ऊन. डाव्या दंडाला फांदी लागून चांगलं सालपटलंय. कालव्यावरची झाडं कोणी छाटत नाही. बारकीने औषध लावलं आणि दुसरे जुने वळ कसले म्हणून विचारलं. डेपोत लागतं काहीबाही, म्हटलं.

मंगळवार, ता. ६

काल चढामुळे इतका दमलो की लिहिलं नाही.

आज दुपारीच मुक्काम केला. पुलाखाली सपाट जागा आहे, पाणी जवळ. स्टोव्हवर भात-बटाटे केले. जेवण झाल्यावर बारकीने एक खेळ काढला. मी पलीकडच्या काठावरच्या होडीकडे बघत बसायचं, मान हलवायची नाही. ती पाठीमागून हात हळूहळू पुढे आणणार, आणि हात दिसला की मी सांगायचं.

उजवीकडून मी लगेच ओळखलं, तीनदा. डावीकडून मात्र ती लबाडी करत होती. हात पुढे आणायलाच तयार नव्हती. मी म्हटलं, आण की आता. ती म्हणाली, आणतेय. बराच वेळ गेला आणि मग हात एकदम माझ्या नाकासमोर आला. मी म्हटलं, हा काय खेळ झाला, मधलं अंतरच खाल्लंस. तिने पुन्हा केलं, पुन्हा तसंच. हरायला लागलं की हिचं असं होतं, लहानपणी पत्त्यांतही करायची.

"बरं, तुम्ही जिंकलात," म्हणाली आणि भांडी घेऊन पाण्यावर गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल. स्टोव्हच्या धुराकडे तोंड करून बसू नकोस, हे मी तिला दोनदा सांगितलं होतं.

बुधवार, ता. ७

आज भांडलो. लिहायला नको वाटतं, पण वही तिचीच आहे आणि खरं लिहायचं ठरलंय.

चढावर सायकली ढकलत होतो. तिने विचारलं, बाबा, तुम्ही बस चालवली नाही तर काय कराल. मी म्हटलं, असं का होईल. ती म्हणाली, समजा. नव्या ड्रायव्हरांना शिकवता येईल, वर्गात, तुम्ही छान समजावता. मी सायकल ढकलत राहिलो, तर म्हणाली, टेबलाचं काम काही वाईट नसतं, रोज संध्याकाळी घरी याल.

माझं डोकं सणकलं. मला वाटतं मला कळलंय काय ते. नव्या शाळेत तिच्या मैत्रिणींचे वडील टेबलाशीच बसतात. बाप बस चालवतो हे सांगायला हिला जड जात असणार. पहिलीत होती तेव्हा हीच पोरगी माझ्या बसच्या पुढच्या बाकावर बसून सगळ्यांना सांगायची, हे माझे बाबा आहेत. तेव्हा मीही आरशातून बघायचो आणि उगाच हॉर्न वाजवायचो. आता मला कसं वाटलं असेल, ते ज्याचं त्याला माहीत.

मी नको ते बोललो. लाज वाटत असेल तर तसं सांग, म्हटलं. ती म्हणाली, लाज नाही वाटत बाबा. मग काय वाटतं, विचारलं. तेवढ्यात पुन्हा "बाबा, दगड" म्हणाली. त्यावर माझा तोल गेला. उद्यापासून रस्त्यावर तुझ्या तोंडातून एक शब्द ऐकायचा नाहीये, असं मी तिला बजावलं. खड्डा आला तर मी पडेन, माझं मी बघून घेईन.

तिने मान हलवली. रात्रीची भांडी मीच घासली.

शुक्रवार, ता. ९

हे गावातल्या दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. बारकी आत झोपली आहे. मनगट मोडलंय, उजवं. प्लास्टर झालं. बाकी खरचटलंय फक्त.

काल सकाळी निघालो तेव्हापासून ती खरंच एक शब्द बोलली नाही. मला बरं वाटलं, मग वाईट वाटलं, मग मी विसरून गेलो. दुपारी धरणाची भिंत दिसायला लागली. मुक्कामाच्या तळाकडे जाणारी वाट डावीकडे फुटते, एका छोट्या दगडी मोरीवरून. मी वेग कमी केला. डावीकडे बघितलं. मी शपथेवर लिहितो की बघितलं. रस्ता मोकळा होता. मी वळलो.

आधी आवाज झाला, मग माझं हँडल कशाला तरी अडकलं आणि मी आडवा झालो. उठून बघतो तर माझ्या सायकलखाली तिची सायकल, आणि मोरीच्या कठड्याशी बारकी, हात पोटाशी धरून. मी तिला आधी ओरडलोच. किती वेळा सांगितलंय, वळताना डाव्या अंगाला राहायचं नाही म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली. चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, मी दिसले नाही ना तुम्हाला?"

मी म्हटलं, तू होतीस कुठे?

"इथेच. घरून निघाल्यापासून इथेच आहे."

परवा बोलायला मनाई केली नसती तर तिने हाक मारली असती. तिने माझा शब्द पाळला, आणि जागाही सोडली नाही. दोन्ही एकाच वेळी.

एका दूधवाल्याने गाडीत घालून इथे आणलं. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. प्लास्टर ओलं असतानाच बारकी त्यांना म्हणाली, आता माझ्या बाबांचे डोळे बघा. मी म्हटलं, माझं काय मधेच. पण बाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि माझ्या नाकाकडे बघा म्हणाल्या. मग दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवली. पुलाखालचाच खेळ. या वेळी लबाडी कोणी करत नव्हतं.

त्या म्हणाल्या, काचबिंदू असावा, मोठ्या इस्पितळात मशीनवर तपासून घ्या, उशीर करू नका. डाव्या डोळ्याची कड बरीच गेली आहे, उजव्यालाही सुरुवात दिसते. गेलं ते परत येत नाही, राहिलं ते थेंब घालून राखता येतं. मी विचारलं, मग मला तिथे काळं का दिसत नाही? त्या म्हणाल्या, काळं दिसत नसतंच. जे दिसत नाही तिथे मेंदू रस्ता काढून देतो, रिकामा.

रिकामा रस्ता मी खरंच बघितला होता.

मी चौदा तारखेचं विचारलं.

"तिथे तक्ता वाचायला लावतील. तो तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचाल."

"म्हणजे पास?"

"म्हणजे तक्ता वाचाल," त्या म्हणाल्या, आणि इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायला लागल्या.

शनिवार, ता. १०

बसने घरी आलो. मी पहिल्या बाकावर बसलो होतो. ड्रायव्हर पोरगेलासा, पण हात चांगला. प्रत्येक थांब्यावर तो डाव्या आरशात बघायचा आणि मीही बघायचो. मला आरसा दिसतो. आरशाच्या बाहेरचं दिसत नाही, आणि ते आजवर मला माहीत नव्हतं.

दारात हिने प्लास्टर बघितलं. मी म्हटलं, पडली. एवढंच म्हटलं. ते खोटं नाही, आणि खरंही नाही. बारकी माझ्या शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "माझंच चुकलं आई, वळताना बाबांच्या डाव्या अंगाला गेले." आई तिला रागावली. मी बूट काढत राहिलो.

चिठ्ठी या वहीत घडी घालून ठेवली आहे. डॉक्टरीणबाई सव्वाशे किलोमीटरवर आहेत. इथे बारकीशिवाय कोणाला काही माहीत नाही. तक्ता मी वाचणार. थेंब घालायला कोण नाही म्हणतंय. सहा वर्षं काढायची आहेत, जास्त काळजी घेईन, मान जास्त वळवीन, आणखी एक आरसा लावून घेईन. असं सगळं मनात येतं. मनात आलं म्हणून लिहिलं, ठरवलं असं नाही.

बस सोडली तर मला येतं काय? पहाटे साडेचारला गाडी थंड असते, तिचं पहिलं गुरगुरणं ऐकलं की मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो. आमच्या थांब्यांवरची माणसं मला चेहऱ्याने ओळखतात, नाव एकालाही माहीत नाही. मला ते पुरतं. टेबलाशी बसलेला मी मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही.

सोमवार, ता. १२

ही कामावर गेल्यावर बारकीला वेणी घालायला बसलो. तिला एका हाताने जमत नाही आणि मला दोन्ही हातांनी जमत नाही, पण कशीबशी घातली. पाठ माझ्याकडे होती म्हणून विचारायला सोपं गेलं. तुला कधी कळलं?

तिने सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी शाळा लवकर सुटली म्हणून ती माझ्याच बसने घरी आली होती, मागे उभी होती, मला माहीत नव्हतं. बाजाराच्या वळणावर एक बाई लहान मुलाला घेऊन डावीकडून रस्त्यात उतरली. मी थांबलो नाही. त्या बाईने मुलाला दंडाला धरून मागे खेचलं. बसमधले लोक ओरडले.

मला तो दिवस आठवतो. लोक ओरडले हेही आठवतं. मला वाटलं होतं थांबा चुकला म्हणून ओरडतायत, आणि मी उलट त्यांच्यावरच खेकसलो होतो, की घंटा वेळेवर मारत जा.

बारकी म्हणाली, ते मूल माझ्या खिडकीच्या अगदी जवळून गेलं, बाबा, त्याच्या हातात बिस्किट होतं. आणि तुम्ही त्याच्याकडे बघितलंच नाही. तुम्ही तसे नाही आहात. म्हणून मला कळलं.

मी विचारलं, आईला का नाही सांगितलंस? डेपोत का नाही? दोन महिने एकटीने काय म्हणून वागवलंस? ती म्हणाली, आधी खात्री करायची होती, म्हणून सायकलचं काढलं. खात्री झाली तेव्हा सांगणार होते, पण तुम्ही चिडलात. विचार केला, तुम्हालाच कळेल, आणि कळलं की तुम्हीच सांगाल.

"आणि मी नाही सांगितलं तर?"

मी वेणीला रबर लावलं. मग म्हणाली, "तर मी रोज तुमच्या बसने येईन. पुढे उभी राहीन. शाळेला नाही गेले तरी चालेल."

माझा हात तिच्या डोक्यावर होता तो तिथेच राहिला. ती धमकी देत नव्हती. तिने खरंच सगळं ठरवून ठेवलं होतं, पहाटेची फेरी कोणती, परतीची कोणती.

मी तिच्याबद्दल मागे या वहीत काय काय लिहिलंय ते वाचलं. लाज वाटत असणार म्हणे. लबाडी म्हणे. स्टोव्हचा धूर म्हणे. खोडून टाकावंसं वाटलं, पण लॉगशीटवर खाडाखोड करायची नसते, तेव्हा राहू दे.

बुधवार, ता. १४

तपासणी डेपोच्याच आवारात, तिकिटघराच्या वरच्या खोलीत होती. बाहेर बाकावर आम्ही पाच जण. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, सगळ्यांनी मला यंदा खांब कुठे हलवला म्हणून चिडवलं. मीही हसलो.

डॉक्टर म्हातारे. एक डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला, मग दुसरा. मी शेवटची ओळ वाचली, तिच्याखाली छापखान्याचं बारीक अक्षर होतं तेही वाचलं. ते खूश झाले. म्हणाले, या वयात असे डोळे कमी बघितले. कागदावर शिक्का मारला आणि माझ्यापुढे सरकवला. शिपायाने पुढच्याचं नाव पुकारलंसुद्धा.

मी उठलो नाही. उठायचं ठरवून बसलो होतो, की बोलायचं ठरवून, ते मला अजूनही सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, झालं तुमचं. मी म्हटलं, या तक्त्यात एक गोष्ट येत नाही. मग मी डावा हात बाजूला लांब केला आणि सांगितलं, माझी मुलगी इथे होती आणि मी तिला पाडलं. हात इथे आहे हे मला खांद्याला कळतंय. पण मी तुमच्याकडे बघतोय, आणि माझाच हात मला दिसत नाहीये.

त्यांनी शिक्का खाली ठेवला. खिशातून चिठ्ठी काढून मी त्यांना दिली. त्या बाजारातल्या बाईचंही सांगितलं. ते मूल किती वर्षांचं होतं ते मला सांगता आलं नाही, कारण मी ते बघितलेलं नाही. त्यांनी कागद बदलला. नव्या कागदावर सही करताना मी नेहमीप्रमाणे खाली 'चालक' लिहिलं, आणि त्यांनीही ते तसंच ठेवलं.

डेपो मॅनेजरना सांगायला गेलो तेव्हा ते म्हण वगैरे काही बोलले नाहीत. उठून त्यांनी मला खुर्ची दिली. बिल्ला जमा केला. टेबल कोणतं ते पुढच्या आठवड्यात कळेल, त्याआधी इस्पितळ.

घरी हिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुम्ही बापलेकींनी मिळून मला परकी केलीत. ते खरंच आहे. मग तिने चहा ठेवला आणि थेंब किती वेळा घालायचे ते विचारलं.

बारकी आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. भिंतीतून तिला सगळं ऐकू गेलं असणार, तरी मी जाऊन म्हटलं, सांगून आलो.

"सगळं?"

"सगळं."

हाड मोडलं तेव्हा ही पोरगी रडली नव्हती. आज रडली, तोंड उघडं टाकून, पाच वर्षांची असताना रडायची तशी, शेजारीपाजारी ऐकतील याची पर्वा न करता. मी शेजारी बसलो आणि तिचं डोकं खांद्यावर घेतलं. दुपारी दोनची फेरी माझी असायची. आज ती दुसऱ्या कोणीतरी नेली असेल. मी तिचं रडून होईपर्यंत बसून राहिलो.